परीक्षागृहातील 'कॉपी' : एका संज्ञेचा तौलनिक विचार

माध्यमिक शालान्त परीक्षेत उत्तरे चोरून लिहिण्याच्या कृतीला भारतीय भाषांनी कोणती नावे दिली, हा प्रश्न वरकरणी केवळ कोशकाराचा वाटतो. परंतु या नावांतून त्या त्या समाजाची अपराधाविषयीची धारणाही व्यक्त होते. हिंदीत ही 'नकल' आहे, गुजरातीत सरळ 'चोरी', बंगाली बोलीत 'टुकली'. मल्याळमने इंग्रजी शब्दाला आपले पद जोडून 'कोप्पियडी' घडविले. मराठीत 'नक्कल' हा अरबी मुळाचा शब्द रूढ असूनही तो परीक्षागृहात फारसा शिरला नाही. दस्तऐवजाची प्रत आणि दुसऱ्याच्या लकबींचे अनुकरण एवढ्यातच तो रमला. ती जागा 'कॉपी'ने घेतली, आणि मूळ भाषेतील निरुपद्रवी क्रियापद मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी अपराधवाचक झाले.

हा अपराध कोणाविरुद्ध, हे मात्र या शब्दातून कळत नाही. 'चोरी' म्हटले की वस्तूचा धनी डोळ्यांसमोर येतो. 'कॉपी'ला असा धनी नाही. शेजारच्याने आपली उत्तरपत्रिका सरकवली, तर ती मैत्रीच मानली जाते. कायद्याने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. महाराष्ट्राचा १९८२ चा अधिनियम 'गैरप्रकारां'ना प्रतिबंध करतो. उत्तर प्रदेशात १९९२ च्या नकलविरोधी अध्यादेशाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरविला. शाळकरी मुलांना अटका झाल्या, आणि १९९३ च्या सत्तांतरानंतर तो कायदा मागे घेण्यात आला.

खरी अडचण अन्यत्र आहे. मार्गदर्शक पुस्तकातील निबंध चिठ्ठीवरून उतरविला तर भरारी पथक विद्यार्थ्याला पकडते; तोच निबंध मुखोद्गत करून लिहिला तर परीक्षक गुण देतो. दोन्ही उत्तरपत्रिकांतील संहिता एकच असते. म्हणजे आपली शालेय व्यवस्था संहितेचे कर्तृत्व तपासत नाही, ती कोणत्या वाटेने कागदावर आली एवढेच तपासते. पाठांतराला प्रतिष्ठा देणाऱ्या परंपरेत हे स्वाभाविक असेलही. तथापि त्याच परंपरेत आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात काव्यांतील साम्याचे प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि तुल्यदेहीसारखे असे तीन प्रकार मानून पहिले दोन त्याज्य व तिसरा ग्राह्य ठरविला होता. राजशेखराने हरणाची चर्चा याहून विस्ताराने केली. इतका सूक्ष्म विवेक उपलब्ध असताना दहावीच्या विद्यार्थ्यापर्यंत त्यातले काहीच पोहोचू नये, हे प्रस्तुत लेखकाला खेदजनक वाटते.

हाच विद्यार्थी पुढे संशोधक होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना सोडले आहे आणि त्यापुढे तीन स्तर कल्पिले आहेत. शब्दसाम्य मोजणाऱ्या संगणकीय पद्धतीस प्रतिबिंब सापडते. हिंदी प्रबंधातील प्रकरण ऋणनिर्देशाविना मराठीत उतरविले, तर ते तिच्या हातून सहसा निसटते; आणि तौलनिक साहित्याच्या विभागांत असे प्रबंध तपासण्याची वेळ येते तेव्हा दोन्ही भाषा जाणणारा परीक्षक शोधण्यावाचून मार्ग उरत नाही.