हुद्दा आणि बंधुभाव : सैनिकांतील ख्रिस्ती मंडळांची कथा

हॅव्हलॉक हे नाव मराठी माणसाला सत्तावनच्या इतिहासामुळे ठाऊक आहे. १८५७ च्या जुलै महिन्यात नानासाहेबांच्या फौजेचा पराभव करून कानपुरात शिरलेला तो हाच इंग्रज सेनापती. अंदमानातल्या एका बेटाला त्याचे नाव होते; २०१८ साली ते बदलून 'स्वराज द्वीप' करण्यात आले. आपल्या इतिहासाने त्याला जी जागा दिली ती बदलावी असा आमचा आग्रह नाही. परंतु याच माणसाच्या चरित्राला दुसरी एक बाजू आहे, आणि आजच्या विषयाचा आरंभ तिथूनच करणे सोयीचे होईल.

१८२३ साली हेन्री हॅव्हलॉक 'जनरल किड' नावाच्या जहाजातून हिंदुस्थानास निघाला. त्या लांबच्या प्रवासात जेम्स गार्डनर या दुसऱ्या एका लेफ्टनंटाशी त्याचा स्नेह जमला व त्याच्या सहवासात हॅव्हलॉकची धर्मश्रद्धा पक्की झाली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याला वळवणारा पाद्री नव्हता, बरोबरीचा अधिकारी होता. पुढल्याच वर्षी पहिले ब्रह्मी युद्ध सुरू झाले आणि हॅव्हलॉकची १३ वी पलटण रंगूनला गेली. तेथील श्वेडगॉन पॅगोड्याच्या आवारातल्या एका लहानशा मंदिरात तो आपल्या शिपायांना जमवून बायबल वाची व स्तोत्रे म्हणे. भोवतीच्या बुद्धमूर्तींच्या मांडीवर दिवे ठेवलेले असत आणि त्या उजेडात ही सभा चाले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. दुसऱ्याच्या जिंकलेल्या देवळात, दुसऱ्याच्या देवाच्या मांडीवर दिवा ठेवून आपली प्रार्थना म्हणावी, हे चित्र आपल्याला बोचल्यावाचून राहत नाही. त्या चरित्रकारांना मात्र ते बोचले नाही. असो.

'हॅव्हलॉकचे संत' असे या मंडळींना थट्टेने म्हणत. एका रात्री शत्रू चालून आल्याची हाक उठली तेव्हा ज्यांना बोलावले ते शिपाई दारूने झिंगलेले निघाले. मग सेनापती कँपबेलने हॅव्हलॉकच्या संतांना बोलवा, ते कधी प्यालेले नसतात, असा हुकूम सोडला, ही कथा प्रसिद्धच आहे. कथेपेक्षा आम्हांस दुसरी बाब महत्त्वाची वाटते. त्या वेळी हॅव्हलॉक साधा लेफ्टनंट होता आणि १८३८ पर्यंत, म्हणजे नोकरीची तेवीस वर्षे उलटेपर्यंत, त्याला कॅप्टनकी मिळाली नव्हती. त्याच्या सभेला येऊन कुणाला बढती मिळण्यासारखी नव्हती, आणि न आल्याने कुणाचे फारसे बिघडणार नव्हते.

अशी मंडळे सैन्यातच का निघावीत, हा प्रश्न कुणी विचारील. पाद्री तर सरकारने नेमलेला असेच. रविवारी पलटण रांगेने चर्चमध्ये नेली जाई. पण ती कवाईतच होती. खरी अडचण बराकीत होती. त्या काळच्या गोऱ्या शिपायाला एकांत म्हणून नव्हता. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना पलंगांच्या रांगा, आणि फुरसतीच्या वेळी जायला पलटणीचे कँटीन, म्हणजे दारूचा गुत्ता. रात्री पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करू लागणाऱ्याच्या अंगावर बूट भिरकावले जात, अशा आठवणी अनेक जुन्या सैनिकांनी सांगितल्या आहेत. एकटा माणूस हे किती दिवस सोसणार? दुसरा जोडीला आला की सोसणे सोपे होते आणि तिसरा आला की बूट येणे कमी होते. सैनिकांच्या धर्ममंडळाचे मूळ इतके साधे आहे. आग्र्याला जे. जी. ग्रेगसन या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने १८६२ साली शिपायांचे संपूर्ण मद्यनिषेध मंडळ काढले, ते याच जमिनीत उगवले. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना या चळवळीला सबंध हिंदुस्थानच्या गोऱ्या फौजेत सरकारी आश्रय मिळाला.

आता सत्तावनचीच दुसरी एक गोष्ट पाहू. बराकपूरच्या ३४ व्या देशी पलटणीचा प्रमुख कर्नल व्हीलर. कानपूरला वेढ्यात सापडलेला सेनापती व्हीलर तो वेगळा. हा कर्नल व्हीलर श्रद्धावान होता आणि शिपायांसह भेटेल त्या हिंदी माणसाला वर्षानुवर्षे ख्रिस्ती धर्म सांगत असे. चौकशी झाली तेव्हा त्याने ते नाकारले नाही. उलट ते आपले कर्तव्य आहे असे लिहून दिले. मंगल पांडे यांनी २९ मार्च १८५७ रोजी शस्त्र उचलले ते याच पलटणीत. व्हीलरच्या उपदेशामुळेच तसे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. काडतुसांचा प्रश्न पेटलेलाच होता. पण काडतुसे चावायला लावून आपल्याला बाटवणार ही शंका ज्या शिपायाच्या मनात घर करून होती, त्याचा कर्नलच जर संध्याकाळी धर्म सांगू लागला तर त्याने काय समजावे? गव्हर्नर जनरल कॅनिंगनेही अशा विचारांचा माणूस पलटण सांभाळण्यास लायक नाही असाच अभिप्राय दिला.

हॅव्हलॉक आणि व्हीलर यांची श्रद्धा एकाच जातीची होती. फरक होता तो ऐकणाऱ्याच्या स्थितीत. रंगूनच्या त्या मंदिरातून उठून जाणारा शिपाई स्वधर्मीय होता व सांगणारा दुय्यम हुद्द्याचा. बराकपूरला सांगणारा पलटणीचा मालक होता आणि ऐकणारा परधर्माचा, पोटासाठी बांधलेला. सैन्यातील ख्रिस्ती मंडळांच्या पुढल्या सगळ्या इतिहासात हे दोन दिवे आम्हांस आलटून पालटून दिसतात.

इंग्लंडात या कामाला खरे रूप दिले ते बायकांनी, आणि यात नवल नाही. बाईला हुद्दा नव्हता, म्हणून तिच्यापुढे शिपायाला सलाम ठोकून उभे राहावे लागत नसे. मद्रासच्या फौजेतील एका कॅप्टनची विधवा लुईझा डॅनियल हिने १८६३ साली ऑल्डरशॉटच्या मोठ्या छावणीजवळ सैनिकांसाठी घर उघडले. आयर्लंडात ट्रॅली गावी एलिझ सँडिस या अठरा वर्षांच्या मुलीने १८६९ च्या सुमारास तरुण शिपायांना आपल्या घरी चहाला व वाचनाला बोलावण्यास आरंभ केला. १८७७ साली कॉर्क येथे तिचे पहिले 'सैनिकगृह' निघाले व पुढे त्याच्या शाखा हिंदुस्थानातील छावण्यांपर्यंत पोहोचल्या. ॲग्नेस वेस्टन हिची हकीकत तर आणखी मौजेची आहे. तिने १८६८ साली हिंदुस्थानकडे निघालेल्या एका ओळखीच्या शिपायाला पत्र लिहिले. ते 'क्रोकोडाइल' जहाजावरील एका खलाशाच्या वाचनात आले, आणि असे पत्र मलाही येत जाईल का, अशी त्याने विचारणा केली. एकाचे दोन, दोनाचे दहा, असे होत तिला शेवटी दरमहा छापील पत्र काढावे लागले. १८७६ साली डेव्हनपोर्ट बंदरात तिने खलाशांसाठी विश्रामगृह उघडले. १९१८ साली ती वारली तेव्हा नौदलाने तिला लष्करी मानाने निरोप दिला.

या घरांत होते काय? चहा, दिवा, टेबल, दौत आणि टाक. घरी पत्र लिहायला शांत कोपरा. ज्याला हवे त्याने मागच्या खोलीतल्या प्रार्थनेला बसावे.

अधिकाऱ्यांचे वळण निराळे पडले. १८५१ साली इंग्लंडात 'आर्मी प्रेअर युनियन' स्थापन झाली. साम्राज्यभर विखुरलेल्या छावण्यांत एकेकटे पडलेल्या अधिकाऱ्यांनी एकमेकांसाठी प्रार्थना करावी, ही तिची कल्पना. पुढे हीच 'ऑफिसर्स ख्रिश्चन युनियन' झाली. १९३० साली हॉलंडमधील झाऊलन येथे निरनिराळ्या देशांचे असे अधिकारी एकत्र आले आणि त्यातून आंतरराष्ट्रीय संघ वाढला. अमेरिकेत अधिकाऱ्यांचे मंडळ १९४३ साली, ऐन युद्धात निघाले; कोरियातील युद्धविरामावर २७ जुलै १९५३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतर्फे सही करणारे जनरल हॅरिसन त्याचे पुढे अनेक वर्षे अध्यक्ष होते. ब्रिटिश संघाच्या नावातून 'ऑफिसर्स' हा शब्द यथावकाश गळून पडला व त्या जागी 'आर्म्ड फोर्सेस' आले. हा नुसता नावाचा बदल नव्हे. अधिकाऱ्यांनी वेगळे व शिपायांनी वेगळे प्रार्थना करणे हे त्या धर्माच्या शिकवणीत बसवणे कठीणच होते.

ती भिंत पहिल्या महायुद्धात एका जागी काही काळ तरी पाडली गेली होती. बेल्जममध्ये ईप्रच्या आघाडीमागे पॉपरिंगे नावाचे गाव आहे. तेथे डिसेंबर १९१५ मध्ये फिलिप क्लेटन या लष्करी पाद्र्याने एका भाड्याच्या घरात 'टॅल्बट हाऊस' उघडले. सैनिकांच्या तारायंत्री बोलीत त्याचे 'टॉक एच' झाले. आपल्या खोलीच्या दारावर क्लेटनने पाटी लावली होती. आत येणाऱ्याने हुद्दा बाहेर सोडून यावे, असा तिचा आशय. माळ्यावर प्रार्थनेची खोली होती आणि वेदी म्हणून सुताराचे एक जुने बाक. खंदकाकडे जाणारा जनरल व खंदकातून परत आलेला शिपाई त्या बाकापुढे शेजारी गुडघे टेकीत. उद्या यांतला कोण उरेल हे कुणालाच ठाऊक नव्हते. मृत्यूच्या एवढ्या जवळ गेल्याशिवाय ही पाटी लावता आली नसती का, असे मनात येते.

आरमारात मात्र वेगळीच रीत पडली. १९३३ साली कॅलिफोर्नियात, लाकडाच्या वखारीत काम केलेला डॉसन ट्रॉटमन नावाचा तरुण लेस स्पेन्सर या खलाशाला बायबल शिकवू लागला. स्पेन्सरने आपल्या एका सोबत्याला आणले व यालाही शिकवा म्हणाला. ट्रॉटमनने नकार दिला: मी तुला शिकवले, तू त्याला शिकव. यातून 'नॅव्हिगेटर्स' ही संस्था उभी राहिली. खलाशाची बदली एका जहाजावरून दुसऱ्यावर होतच असते. तेव्हा एक गेला की नव्या जहाजावर नवे मंडळ. इमारत नाही, वर्गणी नाही. स्पेन्सरचे 'वेस्ट व्हर्जिनिया' जहाज ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरला बुडाले. ही रीत मात्र युद्धाबरोबर जगभर गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही मंडळे बळावली, आणि बळाबरोबर जुना प्रश्न परत आला. दक्षिण कोरियात १९७० च्या दशकात वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांच्या पाठिंब्याने शिपायांचे सामुदायिक बाप्तिस्मे झाले. हुकमाची सवय असलेल्या माणसाचा होकार किती खरा मानावा? अमेरिकेच्या वायुसेना अकादमीत वरिष्ठांकडून धर्माचा दबाव येतो अशा तक्रारी झाल्या व २००५ साली चौकशी बसली. तेथील फुटबॉलच्या शिक्षकाने खेळाडूंच्या खोलीत, आपण येशूच्या संघाचे, अशा अर्थाचा फलक लावला होता. त्या खोलीतल्या ज्यू मुलाला काय वाटले असेल याचा विचार फलक लावणाऱ्याने केला नसावा. एका ख्रिस्ती संस्थेच्या प्रचारपटात काही जनरल गणवेशात बोलले. तेही नियमाविरुद्ध झाले, असे २००७ साली लष्करी तपासणीने ठरवले.

आपल्याकडे हा प्रश्न उलट्या बाजूने पुढे आला. भारतीय सेनेत पलटणीच्या धर्माप्रमाणे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री नेमलेले असतात, आणि अधिकारी स्वतः कोणत्याही धर्माचा असो, जवानांच्या उत्सवात त्यांच्याबरोबर उभा राहतो. कर्नल व्हीलरच्या नेमकी विरुद्ध अशी ही परंपरा आहे व तिचा आम्हांस अभिमान वाटतो. पण एका ख्रिस्ती अधिकाऱ्याने आपल्या शीख जवानांबरोबर आवारापर्यंत जाऊनही गाभाऱ्यात जाण्यास नकार दिला, म्हणून त्याला सेवेतून काढण्यात आले. २०२५ साली प्रथम दिल्ली उच्च न्यायालयाने व नंतर सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. शिस्त आणि जवानांशी एकरूपता यांना न्यायालयांनी अधिक तोलाचे मानले. जवानाबरोबर गोळी झेलायला निघालेल्या अधिकाऱ्याने त्याच्या देवाशीही यावे, ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. परंतु दारापर्यंत सोबत येऊन तेथे अदबीने थांबणाऱ्याने जवानांचा अपमान केला, असे आम्हांस तरी म्हणवत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार यावर म्हणाले, "साहेब बाहेर थांबले तर माझी पोरं विचारणार, का थांबले? आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागणार."