शेळीचं वजन आपल्या वहीत

आपल्या भामरागडकडे बँकेत ठेव नसली तरी दारात दोन-चार शेळ्या असतात. दवाखाना, शाळा, लग्न, कशालाही पैसा लागला की शेळीच कामी येते. पण तिचं वजन किती, हे कोण सांगतं? दारात आलेला व्यापारी. तो शेळी उचलून आकडा सांगतो, आपण मान हलवतो. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईने बोकड असाच पंधरा किलोचा म्हणून विकला. त्याच्याच जोडीचा, तेवढाच दिसणारा बोकड आम्ही नंतर काट्यावर घातला, तर वीस किलो भरला. तेव्हापासून आमच्या गटात शिलाईची टेप फिरते.

मोजायचं असं. सकाळी चारा-पाणी देण्याआधी शेळी सपाट जागेवर सरळ उभी करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. टेप अंगाला लागलेली हवी, आवळलेली नको. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीखालच्या हाडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही मापं इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की किलोत वजन आलं. घेर 26 आणि लांबी 24 असेल, तर साधारण साडेचोवीस किलो. घोड्याचं वजनही असंच टेपने काढतात, फक्त भागायचा आकडा वेगळा. हा अंदाज आहे, थोडं इकडेतिकडे होतं. विकताना मात्र काट्याचाच आग्रह धरा.

वजन फक्त विकण्यासाठी नाही. दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहिलं, तर शेळी मलूल दिसण्याआधीच घसरलेला आकडा दिसतो. मग तिची खालची पापणी ओढून बघा. लालसर असेल तर ठीक. पांढुरकी असेल तर पोटात रक्त पिणारे जंत असू शकतात. पाठीवर हात फिरवा. कण्याची हाडं टोचत असतील तर ती खंगली आहे. जंताचं औषध वजनावर ठरतं. कमी पाजलं तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. म्हणून पशुसखीला किंवा डॉक्टरांना वहीतलं वजन आधी सांगा.

आणि हे सगळं पावसाआधी करा. पर्लकोटा फुगली की वाट बंद होते, मग औषधही येत नाही आणि डॉक्टरही. आंत्रविषाराची लस मृग लागण्याआधी टोचून घ्या. पीपीआरची लस राहिली असेल तर तीही विचारा.

गटाच्या बचतीचा हिशेब आपण पैशापैशाने लिहितो. शेळी हीसुद्धा आपली बचतच आहे. तिचं पान आजच उघडा.