काय आणू?

रमजान लागला की आमच्या फोनवर एकच प्रश्न फिरू लागतो. "इफ्तारला येतेय, काय आणू?" नेरळची मावशी विचारते, खोपोलीची नणंद विचारते, इमारतीतल्या काकूही विचारतात. अम्मी होती तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "काही नको, वेळेवर या." तरी रिकाम्या हाताने कुणी येत नसे. एकदा पाच घरांतून पाच कलिंगडं आली आणि भजी कुणीच आणली नाहीत, तेव्हा अब्बांनी कपाळाला हात लावला होता.

मग गेल्या रमजानात मी यादी केली. माणसं तीस, नोकरी सांभाळून एवढं एकटीने होत नाही. प्रत्येक घरापुढे एक पदार्थ आणि नग लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून दिलं. मावसबहिणीच्या नावापुढे लिहिलं, 'खिमा समोसे, 60'. समोसे तिच्या हातचेच चांगले होतात. तिच्या नवऱ्याचं काम दोन महिन्यांपासून बंद होतं, हे मला ठाऊक होतं. यादी करताना आठवलं नाही, एवढंच.

त्या संध्याकाळी तिचा मुलगा डबा घेऊन आला. "अम्मीला बरं नाही," म्हणाला. साठ समोसे मोजून आले, ती आली नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी गेले तर ती चांगली धडधाकट होती. तिने एकच विचारलं, "समोसे कमी नाही ना पडले?"

रोजेदाराचा रोजा सोडवणाऱ्याला त्या रोज्याइतकंच पुण्य मिळतं आणि रोजेदाराचं काही कमी होत नाही, अशी आमची शिकवण आहे. म्हणजे खाऊ घालणं ही यजमानाची कमाई. मी मात्र खर्च पाहुण्यांच्या गळ्यात घालून कमाई स्वतःकडे ठेवली होती. मशिदीत असं होत नाही. मगरिबच्या आधी घराघरांतून झाकलेली ताटं येतात, सगळं एका दस्तरखानावर मांडलं जातं. कोणतं ताट कुणाचं, हे विचारायची पद्धत नाही आणि ज्याच्या घरून काहीच आलं नाही तोही तिथेच बसतो.

हे फक्त मशिदीतच होतं असंही नाही. मार्चमध्ये दिवस पावणेसातच्या सुमारास मावळतो. कर्जत-खोपोलीकडे परतणाऱ्यांचा रोजा मग बदलापूर-वांगणीच्या आसपास गाडीतच सुटतो. कुणी मांडीवर वर्तमानपत्र पसरतं, खजूर निघतात, रोजा नसलेला गाडीचा दोस्त पिशवीतून केळी काढतो. थंडीत आपल्याकडे पोपटी लागते तेव्हा ज्याच्या शेतात वाल तो शेंगा आणतो, कुणी मडकं, कुणी बांधावरचा भांबुर्ड्याचा पाला. ज्याच्याकडे जे आहे ते. यादी करू नये असं माझं म्हणणं नाही. तीस माणसांना यादी लागतेच. पण आधी विचारावं, मग लिहावं; आणि सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी तर नकोच. ज्याची अडचण माहीत आहे त्याला म्हणावं, "अर्धा तास आधी ये, फळं चिरायला कुणी नाही."

दुसऱ्या बाजूच्या यादीतही मी राहिले आहे. आमच्या इमारतीत कोजागिरीला सगळे एकेक पदार्थ आणतात. तीन वर्षं माझ्या वाट्याला एकच ओळ आली, "भाभी, तुम्ही पेपर ग्लास आणा." पहिल्या वर्षी वाटलं, बरं झालं, त्रास वाचला. तिसऱ्या वर्षी कळलं.

कुणाच्या हातचं घ्यायचं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात लहान नाही. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. त्यापुढे माझे ग्लास काहीच नाहीत, मान्य. तरी ते विकत आणताना दुकानात हात जड व्हायचा.

इमारतीतलं जैन कुटुंब सूर्यास्तानंतर खात नाही. आम्ही ज्या क्षणाची वाट पाहतो, त्याआधी त्यांचं जेवण उरकलेलं असतं. त्यांनी सरळ सांगितलं, "इफ्तारला येऊन बसू, खाणार नाही." वाईट कशाला वाटेल? सांगितलं की कळतं.

चौथ्या वर्षी तळमजल्याच्या काकूंनीच विषय काढला. "भाभी, खरं सांगू? ज्या भांड्यात मटण शिजतं त्यातलं आम्हाला चालत नाही. तोंडावर बोलवत नाही, म्हणून ग्लास." वाईट वाटलं, पण ग्लासांपेक्षा कमी. मी म्हटलं, "मग पातेलं तुमचं द्या." त्यांनी पातेलं दिलं, शेगडीही दिली. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, साखर घालून त्यांच्याच ओट्याशी सांदण वाफवलं. दोन घरांनी तरीही हात लावला नाही. बाकीच्यांनी मसाला दूध यायच्या आत ताट रिकामं केलं.

यंदा पहिल्या आठवड्यातच काकूंचा फोन आला, इफ्तारला काय आणू म्हणून. म्हटलं, तेच पातेलं आणा. मावसबहिणीला मी यादी पाठवली नाही, फोन केला. तिनेही तेच विचारलं. "दुपारीच ये," म्हटलं, "सांदण वाफवायला दोघी लागतील."

"काकू पण आहेत ना?" ती म्हणाली. "मग येते."