दस्त आणि सातबारा यांची जोडणी

गडबसारख्या गावातली भातशेती विकली, तर दस्त नोंदला जातो दुय्यम निबंधक कार्यालयात. सातबारा मात्र महसूल खात्याचा. पूर्वी या दोघांतला दुवा म्हणजे कागद. तो तलाठ्याकडे पोहोचेपर्यंत उताऱ्यावर जुनेच नाव राहायचे आणि तेवढ्या काळात तीच जमीन दुसऱ्याला विकायला वाव मिळायचा.

आता नोंदणी विभागाची ‘आय-सरिता’ आणि महसूलची ‘ई-फेरफार’ या प्रणाली जोडलेल्या आहेत. दस्त नोंदला की सर्व्हे किंवा गट क्रमांक, देणार-घेणार यांची माहिती ऑनलाइन पुढे जाते. नाव मात्र आपोआप बदलत नाही. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नमुना 9ची नोटीस काढतात, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, मगच मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. ही थांबण्याची जागा राखली, हे फार बरे झाले; वारसाची तक्रार यंत्राला ऐकू येत नाही.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर 16 अंकी पडताळणी क्रमांक असतो. कर्ज देताना बँकेने तो महसूल खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की खरा उतारा समोर येतो. कर्जाचा बोजा चढवायचा अर्जही ‘ई-हक्क’ या ऑनलाइन प्रणालीतून करता येतो.

खरी अडचण नावांची. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरे नाव असेल, तर जोडलेल्या प्रणालीही अडतात. उताऱ्यात लेखनाची चूक असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. विक्रीच्या किंवा कर्जाच्या आधीच तो करावा.