शौचास बसण्यास नाखूष बालक

बालकाच्या अंगी शौचाची सवय बाणविणे हे काम सर्वस्वी घरचे आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. तथापि खेड्यातील शिक्षकास या प्रश्नापासून अलिप्त राहता येत नाही. अंगणवाडी पुष्कळ गावी शाळेच्याच आवारात भरते आणि पहिलीत येणारी काही मुले ही सवय पुरती न लागताच शाळेत येतात. शिवाय माता-पालक सभेत बाईंना किंवा गुरुजींना हमखास विचारले जाते की, “मूल तीन वर्षांचे झाले, पण बसविले की रडते, पळते आणि मग चड्डीतच करते. काय करावे?” अशा वेळी ‘दोन चापट्या द्या म्हणजे सुधारेल’ असा सल्ला शेजारीपाजारी देतात. हा सल्ला मुलाचे दुखणे वाढविणारा आहे. तो तसा का आहे, हे शिक्षकास नीट समजलेले असल्यास त्यास पालकांची समजूत पटविता येईल.

सवय केव्हा लागते?

आपल्याकडे आई किंवा आजी तान्ह्या मुलास आपल्या दोन्ही पायांवर बसवून ‘शू’ असा आवाज करिते व मूल त्या खुणेस प्रतिसाद देते. ही चाल चांगली आहे. परंतु तेव्हा वेळ ओळखण्याचे काम मोठ्या माणसाचे असते. शरीराची जाणीव होणे, ती सांगणे आणि जागेवर पोहोचेपर्यंत थांबणे ही तिन्ही कामे मुलास स्वतः करता येण्यास साधारणतः दीड ते तीन वर्षांचा काळ लागतो. काही निरोगी मुलांस याहूनही अधिक वेळ लागतो. दोन तास चड्डी कोरडी राहणे, शी होण्यापूर्वी कोपऱ्यात जाणे, घाण झाल्यावर ती काढावयास सांगणे, ही तयारीची लक्षणे होत. ही दिसण्यापूर्वी केलेली घाई बहुधा वाया जाते. रात्री अंथरूण ओले होणे ही बाब वेगळी आहे. पाच-सहा वर्षांपर्यंत ते पुष्कळ मुलांत आढळते आणि त्यास मुलाचा इलाज नसतो.

नाखुषीचे खरे कारण

दिवसा शौचास बसण्याचे जे मूल निकराने टाळते, ते बहुधा वेदनेच्या भीतीने टाळीत असते. मोठ्या आतड्यात मळ जितका अधिक काळ राहतो, तितके त्यातील पाणी शोषले जाऊन तो कठीण होतो. असा खडा बाहेर पडताना एकदा जरी दुखले, तरी मूल ते विसरत नाही. पुढच्या खेपेस ते मळ रोखून धरते. त्यामुळे तो अधिक कठीण होतो व अधिक दुखते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

मळ रोखणारे मूल टाचा उचलून उभे राहते, पाय एकमेकांत गुंतविते, भिंतीस टेकते आणि त्याचा चेहरा लाल होतो. पाहणाऱ्यास वाटते की ते कुंथत आहे. प्रत्यक्षात ते सर्व बळ एकवटून मळ आत धरून ठेवीत असते. पुढे गुदाशय ताणला जाऊन त्याची जाणीव बोथट होते आणि साठलेल्या खड्याच्या बाजूने पातळ मळ झिरपून कपडे खराब होतात. हे मुलास कळतही नाही. घरची माणसे यास जुलाब समजतात आणि शाळेत अशा मुलास ‘घाणेरडा’ असे नाव पडते. भरलेल्या गुदाशयाचा दाब मूत्राशयावर पडल्याने वारंवार लघवी सुटणे, हेही याच कारणाने घडू शकते.

दुसरे कारण जागेचे. 2014 साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात घरोघरी शौचालये झाली. परंतु त्यांतील भांडे प्रौढांच्या मापाचे असते. अंधारी खोली, खोल भोक आणि पाय घसरण्याची धास्ती यांमुळे लहान मूल आत जाण्यास धजत नाही. तिसरे कारण घडीमोडीचे. धाकटे भावंड जन्मणे, आजारपण किंवा स्थलांतर यांमुळे लागलेली सवयही मोडते. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुले सहा-सहा महिने कोपीत राहून परत येतात. त्यांना ही सवय नव्याने लावावी लागते. यात मुलाचा हट्ट मानू नये.

पालकांस काय सांगावे?

(1) प्रथम मळ मऊ होऊ द्यावा. दिवसभर पाणी पाजावे. भाकरी, डाळी, पालेभाज्या, पेरू, पपई यांचा आहारात समावेश करावा. दूध व बिस्किटे यांवरच पोसलेल्या मुलास हा त्रास अधिक होतो.

(2) जेवणानंतर आतड्याची हालचाल स्वभावतः वाढते. म्हणून सकाळच्या व रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी मुलास पाच मिनिटे बसवावे. झाले नाही तर काहीही न बोलता उठू द्यावे.

(3) पावले पक्की टेकली पाहिजेत. मोठ्या भांड्यावर बसण्यास मूल भीत असल्यास ओसरीवर लहान भांडे ठेवावे. त्यातील मैला शौचालयात टाकावा, उकिरड्यावर टाकू नये. लहान मुलांची विष्ठा निरुपद्रवी असते ही समजूत खोटी आहे; तीतूनही रोग पसरतात. त्यानंतर मुलाचे व आपलेही हात साबणाने धुवावेत.

(4) घट्ट नाडीऐवजी सहज खाली सरकणारी चड्डी घालावी.

(5) बसल्याबद्दल शाबासकी द्यावी. कपडे खराब झाल्यास शांतपणे बदलावेत. मूल फारच विरोध करू लागल्यास दोन-तीन आठवडे हा विषयच सोडून द्यावा व मग पुन्हा आरंभ करावा.

(6) मळाबरोबर रक्त पडणे, पोट फुगणे, लघवीस जळजळ किंवा ताप, तहान फार वाढणे, कित्येक महिने कोरडे राहिलेले मूल अचानक ओले करू लागणे, किंवा वर सांगितल्याप्रमाणे मळ झिरपणे, यांपैकी काहीही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. आपल्या मनाने रेचक देऊ नये. डॉक्टरांनी दिलेले मळ मऊ करणारे औषध कित्येकदा काही महिने घ्यावे लागते. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून ते बंद करू नये.

शाळेत काय करावे?

करंगळी दाखवून ‘एकीला जाऊ?’ असे विचारणाऱ्या लहान मुलास कधीही थांबवू नये. धड्याचा विरस होतो हे खरे; पण रोखण्याची सवय लागण्यास शाळेतील नकारही कारणीभूत होतो. शाळेचे शौचालय उघडे, उजेडाचे व पाणी असलेले ठेवावे. कडी मुलाच्या हाताशी यावी आणि पहिल्या आठवड्यात शिक्षकाने मुलांस ती जागा स्वतः नेऊन दाखवावी. कपाटात दोन-तीन जुन्या धुतलेल्या चड्ड्या ठेवाव्यात. अपघात घडल्यास मुलास बोभाटा न करता बाजूस न्यावे आणि घरी निरोप पाठवावयाचा तो इतर मुलांकरवी पाठवू नये.

मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई केली आहे. कपडे खराब केले म्हणून वर्गापुढे उभे करणे हा मानसिक त्रासच होय. कायदा बाजूस ठेवला, तरी व्यवहारही तेच सांगतो. भ्यालेले मूल अधिकच रोखून धरते, रोखल्याने अधिक दुखते आणि अखेरीस ते शाळेसच येईनासे होते. ज्या मुलाचे कपडे बाईंनी एक शब्दही न बोलता बदलले, ते दुसऱ्या दिवशी शाळेत येते. त्यास पुढे काही शिकविता येण्यासाठी प्रथम ते शाळेत आले पाहिजे.