टीबी बरा झाल्यानंतरची दोन वर्षे

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठच्या पाड्यांवर भाताची कापणी उरकली की माणसे बिऱ्हाड घेऊन घाट चढतात आणि दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. विरळणी, डिपिंग आणि मग मार्चपर्यंत काढणी. या मजुरांत टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स नुकताच संपवलेला कुणी असू शकतो. त्याच्या थुंकीत जंतू उरलेले नाहीत, कार्डावर ‘बरा झाला’ अशी नोंद आहे आणि सरकारी हिशेबात त्याची केस बंद झाली आहे. बागेत मात्र भरलेले क्रेट उचलून चार खेपा केल्या की त्याला धाप लागते. सोबतचे म्हणतात, अजून अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू. पुष्कळदा तो जातो, पण काहींचा जात नाही आणि त्याचे कारण अशक्तपणा नसतेच.

कारण फुप्फुसातच असते. टीबीच्या जंतूशी झुंजताना शरीर जी विकरे सोडते, त्यांतली काही फुप्फुसाची चौकट धरून ठेवणारे कोलॅजनच विरघळवतात. त्यातून पोकळ्या पडतात. औषधांनी जंतू मरतात, पण नष्ट झालेला भाग पूर्ववत होत नाही. तिथे व्रण धरतो, आजूबाजूचा भाग आखडतो, श्वासनळ्या ओढल्या जाऊन कायमच्या सैल आणि रुंद होतात. या रुंदावलेल्या नळ्यांत कफ साचतो, त्यात दुसरे जंतू वाढतात आणि खोकला पुन्हा सुरू होतो. या विकाराला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. भारतातल्या २,१९५ ब्राँकिएक्टेसिस रुग्णांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सर्वांत मोठे कारण निघाले पूर्वी होऊन गेलेला टीबी, ३५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत. जुन्या पोकळीत कधी बुरशीचा गोळा धरतो आणि बरे होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर एखाद्या दिवशी खोकल्यातून रक्त येते.

हे अपवादाने घडते असे मानण्याची सोय नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये उपचार पूर्ण केलेल्या फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णांची श्वसनक्षमता तपासली, तेव्हा ५९ टक्क्यांमध्ये ती कमी आढळली. तीही अशा देशात, जिथे निदान तुलनेने लवकर होते. टीबीतून वाचलेली सुमारे साडेपंधरा कोटी माणसे २०२० साली जगात हयात होती, असा संशोधकांचा अंदाज आहे. टीबीवर उपचार घेतलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या जवळपास तिप्पट असतो, हे २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसून आले. जगातल्या टीबी रुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे. त्यामुळे बरे झालेल्यांचीही फार मोठी संख्या आपल्याकडेच आहे. तरीही ‘टीबीनंतर काय’ या एकाच विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरायला २०१९ साल उजाडले. ती दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशला झाली.

इतका उशीर का झाला, याचे उत्तर थोडे इतिहासात आहे. औषधे येण्यापूर्वी टीबीवर मुख्य उपाय तीन होते, चांगली हवा, विश्रांती आणि सकस अन्न. पाचगणीच्या बेल-एअर सॅनिटोरियमसारख्या संस्था त्यावरच उभ्या राहिल्या. नाशिकजवळचे देवळालीही कोरड्या हवेसाठीच नावारूपाला आले आणि तिथली जुनी सॅनिटोरियम अजून त्या काळाची खूण सांगतात. मग १९५९ मध्ये मद्रासच्या एका अभ्यासाने सगळे पालटले. काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवून आणि काहींना त्यांच्या गरीब वस्तीतल्या घरीच ठेवून सारखी औषधे दिली गेली. घरच्या रुग्णांना ना विश्रांती होती ना पुरेसे जेवण, तरी वर्षअखेर दोन्ही गटांतले निकाल जवळपास सारखेच आले. खाटेवाचून लाखो लोकांवर उपचार शक्य झाले ते या अभ्यासामुळे आणि त्याचे ऋण मोठे आहे. पण यशाची मोजपट्टी होती थुंकीतला आणि एक्स-रेमधला आजार. जंतू गेल्यानंतर माणूस किती चालू शकतो, किती ओझे उचलू शकतो, हे त्या मोजपट्टीवर नव्हतेच. सॅनिटोरियम गेली ते योग्य झाले. त्यांच्यासोबत आजारातून उठलेल्या माणसाला सावरायला अवधी द्यायचा असतो हा विचारही गेला, हे मात्र वाईट झाले.

अन्नाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर यायला साठ वर्षे लागली. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये ‘राशन्स’ नावाचा मोठा अभ्यास केला. त्यातल्या २,८०० रुग्णांपैकी दर पाचांत चार जण उपचार सुरू होतानाच कुपोषित होते. सर्वांना महिन्याला दहा किलोंचा शिधा दिला गेला, तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल. २०२३ मध्ये आलेल्या निकालांनुसार सुरुवातीच्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातला मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. घरातल्या इतरांनाही शिधा मिळाला, तेव्हा त्यांच्यातले टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी घटले. या अभ्यासातली एक नोंद मात्र फारशी चर्चेत आली नाही. इतके खाऊ घालूनही सहा महिन्यांनंतर निम्म्याहून अधिक रुग्ण कमी वजनाचेच राहिले होते.

टीबी रुग्णांच्या आहारासाठी सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ पासून आहे. तिची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. पण ती उपचार चालू असेपर्यंतच मिळते. वजन भरून यायला सहा महिने पुरत नसतील, तर उपचार संपताच मदत थांबवण्याला वैद्यकीय आधार काय? पेठ-सुरगाण्यात नागली, उडीद, कुळीथ पिकतात. त्यांना अंडी आणि शेंगदाण्यांची जोड देऊन आणखी सहा महिने शिधा पोहोचवणे अवघड नाही. निक्षय मित्र होऊन रुग्ण दत्तक घेणाऱ्या कंपन्या, संस्था आहेतच. त्यांनी ही मुदत स्वतःहून वाढवली, तर फार मोठे काम होईल.

एक घोटाळा दवाखान्यांत वारंवार होतो. टीबी होऊन गेलेला माणूस खोकला घेऊन येतो, एक्स-रेवर जुना डाग दिसतो आणि थुंकी न तपासताच पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू होतात. खरे तर तो ब्राँकिएक्टेसिस असू शकतो, दमा असू शकतो, बुरशी असू शकते. उलटही खरे आहे. टीबी पुन्हा होतो, आणि बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच. केपटाऊनच्या एका वस्तीत बरे झालेल्यांना नव्याने लागण होऊन टीबी होण्याचे प्रमाण, पूर्वी टीबी न झालेल्यांच्या चौपट आढळले होते. म्हणून अंदाज चालत नाही, तपासणीच हवी. त्यातही एक खाच आहे. सीबीनॅटसारखी चाचणी जंतूचा डीएनए शोधते आणि तो मेलेल्या जंतूचाही असू शकतो. पूर्वी उपचार झालेल्या रुग्णात जंतू जिवंत आहे की नाही, हे प्रयोगशाळेतल्या कल्चरमध्ये तो वाढतो का यावरूनच ठरते.

याच कारणाने उपचार संपल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणी करावी, असा राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाचा नियम आहे. नियम चांगला आहे. पण नोंद सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रात आणि माणूस निफाडच्या शिवारात, अशी स्थिती असली की तो कागदावरच राहतो. त्यातच बागेत फवारणीचे तुषार, गंधकाची भुकटी, घरी चुलीचा धूर, वर बिडी. दगडखाणीत काम असेल तर सिलिकाची धूळ. जखमी फुप्फुसाला हे सगळे झेपत नाही. काम निवडण्याची मुभा या लोकांना क्वचितच असते, पण फवारणीचे काम त्यांच्याकडे देऊ नये एवढे तर बागायतदार करू शकतात.

श्वास सुधारतो का? व्रण जात नाही, पण उरलेले फुप्फुस आणि हातापायांचे स्नायू शिकवता येतात. त्याला श्वसन पुनर्वसन म्हणतात. आठवड्यातून दोन-तीनदा, चार ते आठ आठवडे, मोजून चालणे, खुर्चीतून उठबस, हात वर नेण्याचे व्यायाम, ओठ मिटत आणून सावकाश श्वास सोडणे, कफ बाहेर काढायची पद्धत. सुरुवातीला आणि शेवटी रुग्णाला सहा मिनिटे चालायला लावून अंतर मोजायचे. त्यासाठी सपाट जागा, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर एवढेच लागते. २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत हेच ऑक्सिमीटर घेऊन आशाताई दारोदार फिरल्या होत्या. नाशिकच्या म्हसरूळला राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांच्या फेऱ्या तालुक्याच्या रुग्णालयांत लावल्या, तर हे काम नाशिकमध्येच उभे राहू शकते.

औषधांनीच झालेली इजा हा वेगळा भाग. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांना आतड्याचा टीबी दोनदा झाला आणि दुसऱ्या वेळी इंजेक्शनांमुळे त्यांची श्रवणशक्ती गेली. पुढे टीबीतून वाचलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह त्यांनी औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलिन या गोळीची मक्तेदारी लांबू नये म्हणून आव्हान दिले आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती बनवणाऱ्या कंपनीचा अर्ज फेटाळला. ती कान घालवणारी इंजेक्शने आता मागे पडली आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार भारतात मंजूर झाला आहे.

आपल्या घरात, शेतावर किंवा कारखान्यात कुणाचा टीबीचा कोर्स दोन वर्षांच्या आत संपला असेल, तर पुढच्या तपासणीची तारीख त्यांना विचारा आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका. उपचारांच्या नोंदणीत मिळालेला निक्षय क्रमांक देशात कुठेही चालतो, त्यामुळे जवळच्या कोणत्याही सरकारी केंद्रात जाता येते. चढावर दम लागत असेल तर श्वसनक्षमतेची चाचणी करून मागा. खोकल्यातून रक्त आले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. माहितीसाठी निक्षयची निःशुल्क मदतवाहिनी आहे : १८००-११-६६६६.