मोटारीचा पट्टा

पिठाच्या गिरणीत दळण घेऊन गेलेल्यांनी मोटरीवरून जात्याकडे धावणारा पट्टा पाहिलाच असेल. तो सुटला की मोटर फिरत राहते, जाते मात्र मुकाट उभे! मोटारगाडीच्या इंजिनालाही असाच एक पट्टा असतो. त्याचे महत्त्व आम्हांस कळले ते पुस्तकातून नव्हे, चोर्ला घाटाच्या वाटेवर.

गतवर्षीच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. आजारी आईला घेऊन आम्ही साखळीहून सांबऱ्यास येत होतो. पंधरा दिवसांपासून सकाळी गाडी सुरू करताच किरर्र असा आवाज येई. 'पुढच्या पगारात पाहू' असे म्हणून आम्ही तो कानाआड केला होता. कणकुंबी मागे पडली, अंधार दाटला, आणि बॅटरीचा तांबडा दिवा लागला; पाठोपाठ उष्णतेचा काटा चढू लागला. आम्ही इंजिन बंद केले. तापाने फणफणलेली आई भर पावसात दोन तास त्या गाडीत बसून होती. अखेर एका ट्रकवाल्याने दोर बांधून जांबोटीपर्यंत ओढत आणले. आई एवढेच म्हणाली, "फाल्यां, फाल्यां म्हणटां म्हणटां अशें जालें." उद्या, उद्या म्हणता म्हणता असे झाले! ती रागावली असती तर बरे वाटले असते.

हा पट्टा करतो तरी काय? आमच्यासारख्या जुन्या, लहान गाडीत तो इंजिनाच्या मुख्य दांड्याची गती वीज निर्माण करणाऱ्या अल्टरनेटरला आणि इंजिनात पाणी खेळवणाऱ्या पंपाला देतो. तो तुटला की बॅटरी भरत नाही व इंजिन तापते. तशीच गाडी दामटली तर इंजिनाचे हेड वाकते आणि स्वस्त वस्तूपायी हजारोंचा भुर्दंड बसतो.

पट्ट्याचा छेद पाचरीसारखा असतो. पुलीच्या खाचेत तो दोन्ही बाजूंनी रुतून बसतो व त्या घर्षणावरच गती वाहून नेतो. तो सैल झाला की घसरतो, घसरल्याने तापतो, तापल्याने त्याच्या कडा गुळगुळीत होतात, आणि मग अधिकच घसरतो. तो किरर्र आवाज म्हणजे पट्ट्याने दिलेली पूर्वसूचनाच होती!

पुढे दुसरा पट्टा आम्ही घरीच बदलला. त्याची रीत अशी : इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, किल्ली काढून घ्यावी, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. अल्टरनेटरचे नट-बोल्ट पान्याने सैल करून तो इंजिनाकडे ढकलावा. पट्टा आपोआप ढिला होऊन निघतो. पुल्या हाताने फिरवून पाहाव्यात. खरखर लागली तर केवळ पट्टा बदलून भागणार नाही. नवा पट्टा त्याच क्रमांकाचा असावा व हातानेच खाचेत बसवावा. पेचकसाने उचकटून चढवल्यास आतील धागे तुटतात. मग अल्टरनेटर बाहेर ओढून ताण द्यावा व बोल्ट आवळावेत. दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने जोराने दाबले असता पट्टा साधारण ५ ते १० मिलिमीटर लवावा; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. फार ताणला तर बेअरिंगे झिजतात. नवा पट्टा थोडा सैलावतो, म्हणून काही दिवसांनी ताण पुन्हा पाहावा.

नव्या गाड्यांत एकच लांब, चपटा पट्टा अनेक पुल्यांवरून फिरतो. तो काढण्यापूर्वी त्याच्या मार्गाचे चित्र कागदावर काढून ठेवावे. मात्र इंजिनाच्या आतील टायमिंगचा पट्टा निराळा. तो कारागिरासच सोपवावा. आणि चालू इंजिनाजवळ हात, ओढणी वा सैल बाही कदापि नेऊ नये. मुलांनी हे काम वडीलधाऱ्यांच्या देखतच करावे.

मुंबईत शिक्षकाचे काम केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली आपल्या बेळगावातच सायकलींच्या एका दुकानातून झाला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आम्ही तर कलाशाखेचे पदवीधर. पाना हाती धरण्याची आम्हांस लाज वाटे. ती आता उरली नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही बॉनेट उघडतो, आणि आई ओसरीवरून विचारते, "पट्टा पाहिलास ना?"